हात केला आन् एसटी थांबली

आमच्या ब्रूनोचं काय झालं, सांगितलं का तुमाला? आठ महिन्यांचं लॅब्राडोर. परंडा रस्त्याकडंच्या रानात मी त्याला खुणा शिकवत होतो. हात बाजूला केला की तिकडं पळायचं, वर केला की जागीच बसायचं. म्या फेकलेला चेंडू रस्त्यापल्याड गेला आन् हे मागं सुटलं. तेवढ्यात समोरून एसटी! घाबरून म्या हात वर केला. तर पठ्ठ्या बसला की, भर रस्त्यात! माझा हात काय खाली येईना. एसटी त्याच्यापासून दोन हातांवर थांबली.

कंडक्टर ओरडला, "चढा लवकर, कुठं जायचंय?"

"कुठंच न्हाय. हात कुत्र्याला केला होता."

ड्रायव्हरनं वाकून खाली बघितलं आन् पांढराफटक पडला. म्हणला, "कुत्रं हाय व्हय? मी तुमचा हात बघून थांबलो."