गाविनोसाठी चाकू

दुसऱ्याच्या चाकूने लिंबू कापायचं आणि ओलं पातं तसंच मिटून परत द्यायचं, ही काय रीत झाली? न्युओरोच्या बाजारात चाकूवाल्याच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या गाविनोने थोरल्या भावाच्या चाकूचं हेच केलं होतं.

शेजारी उभा भाऊ म्हणाला, “उद्या कळप घेऊन डोंगरावर चाललास, तर स्वतःचा घे. स्टेनलेसचा, बारा युरोचा. गंजत नाही.”

“दोन कोकरं सोलली की बोथटतो तो. मला तुझ्यासारखा साध्या पोलादाचा हवा, अठराचा. महिनाभर धार टिकते.”

“पुसलास तर.”

“रोज पुसत कोण बसणार, दादा?”

मी मागून म्हटलं, “गाविनो, बाराचाच घे, आणि सोबत धारेचा दगड घे. बोथट पात्याला दगड पुरतो. गंजाने खाल्लेल्या पात्याला वर डोंगरात कोणी वाली नाही.”