गुरुमांच्या निरोपाला अख्खं गाव

सन्माननीय अध्यक्ष, आमच्या पंचायतीच्या सरपंच तिलोत्तमादेवी राऊत, व्यासपीठावर विराजमान हेडमास्तर महाशय, आजच्या सत्कारमूर्ती, या शाळेच्या शिक्षिका सुकांती गुरुमा, आणि समोर सतरंजीवर, खिडकीत, जिन्यावर, जागा मिळेल तिथे टेकलेल्या कियाबणीच्या तमाम ग्रामस्थहो,

वक्ते नेहमी म्हणतात, मी आपला फार वेळ घेणार नाही. मी घेणार आहे. चांगला बक्कळ घेणार आहे. चुळबुळ करून उपयोग नाही.

आधी तुमचं कौतुक करू द्या. परवापासून भोंगा ओरडतोय, समुद्रात वादळ आहे, शाळेच्या निवाऱ्यात या. आलं का कोणी? एक कुत्रं आलं. आणि आज, गुरुमा निवृत्त होतायत, नंतर जेवण आहे म्हटल्याबरोबर अख्खं गाव वरच्या मजल्यावर! म्हातारीकोतारी, कडेवरची पोरं, सगळी! कृतज्ञता म्हणतात ती हीच असावी, नाही का?

तुमचाही दोष नाही म्हणा. गेल्या वर्षी गुरुमांनी आपल्याला असंच इथे आणलं, मेंढरांसारखं कोंडलं, आणि वादळ गेलं बंगालला. घरी जाऊन बघतो तर चुलीतली राखसुद्धा हलली नव्हती. मग काय, गुरुमा दिसल्या रे दिसल्या की, "काय गुरुमा, तुमचं वादळ वाट चुकलं का हो?" "अहो, पत्ता नीट दिला नसेल त्याला!" हसणाऱ्यांत आमचे तीर्थरूप सर्वांत पुढे. ते बघा, पहिल्या रांगेत, जोडे हातात धरूनच बसलेत. बाबा, बसा हो. पानमळा कुठे पळून जात नाही.

आता विषय निघालाच आहे, तर यांचीच गोष्ट सांगतो. त्याआधीचं मोठं वादळ आलं, त्या दुपारी हे पानमळ्यात ठाण मांडून बसले. "मेलो तर माझ्या वेलींखाली मरेन, तुला काय करायचंय?" मी पाया पडलो. आईने रडून पाहिलं. छे, ढिम्म! तेवढ्यात गुरुमा आल्या. बाबांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ गोठ्यात गेल्या, आमची म्हैस सोडली आणि चालू लागल्या. बायकोच्या रडण्याने न हललेला माणूस ताडकन उठला! "अहो गुरुमा! दुभती म्हैस आहे ती! चोर आहात तुम्ही, पोलिसांत देईन!" पुढे गुरुमा, मागे म्हैस, त्यामागे चिखलातून बाबा. म्हैस शाळेच्या चढणीवरून वर आली, बाबा वर आले, आणि गुरुमांनी दाराला कडी घातली. वारा घोंगावत होता तोवर बाबा शिव्या देत होते. सकाळी खाली उतरलो तर पानमळा नाही, घर नाही, आमची गल्ली कुठली तेही कळेना. बाबा म्हशीच्या गळ्यात पडून रडले. गुरुमांचे आभार मानायचे मात्र राहून गेलेत. आज सोय आहे, बाबा.

त्याच दुपारी गुरुमा माझ्या दोस्ताकडे, केलू नायककडेही गेल्या होत्या. विनवलं, दटावलं. तो हसला. म्हणाला, "माझ्याकडे कुठे म्हैस आहे गुरुमा? मला कशाने ओढून न्याल?" पाणी ओसरल्यावर तो आम्हाला खारफुटीत सापडला. मला अजून त्याचा राग येतो. आणि फार आठवण येते.

कोण ते मागून "आवरतं घे, बैकुंठ" म्हणालं? आवरतो, आवरतो.

तर परवा घरोघर फिरूनही कोणी हलेना, तेव्हा गुरुमा आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. घसा पार बसलेला. म्हणाल्या, "बैकुंठ, मी बोलावून गाव येत नाही. मी चालले म्हटलं तर येईल. तू माझा निरोप समारंभ ठेव."

मी म्हटलं, "पण गुरुमा, तुमच्या निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत!"

"ते कोण बघतंय? खीर कर म्हणजे झालं."

हां, आता कळलं ना? उठू नका. सरपंचबाईंनी खालचं दार केव्हाच लावलंय. हेडमास्तर महाशय, तोंड मिटा, आपल्यालाही माहीत नव्हतं, कारण आपल्या पोटात काही राहत नाही. खिडकीबाहेर पाहा, माडांनी माना टाकल्यात. वादळ संध्याकाळपर्यंत किनाऱ्याला लागेल म्हणतात.

शेवटी आभार. तुम्ही टाळ्या वाजवत होतात तेव्हा ज्यांनी तुमची गुरं गुपचूप वर आणली त्या तरुण मंडळाचे, आणि कोपऱ्यात तांदळाची पोती रचणाऱ्या बचतगटाच्या बायकांचे. बोलताना उणंअधिक झालं असेल, निमंत्रण तर धादांत खोटं होतं, ते सारं पदरात घ्या. वादळ आलंच नाही, तर उद्या मला हव्या तेवढ्या शिव्या घाला. आणि आलं, तरी शिव्या घालायला तुम्ही सगळे असाल. मला तेवढंच हवंय.