बोलाची मशीन

"आजोबा, या पेटीत बॉम्ब तर नाही ना?"

दिग्रसच्या बसस्टँडवर हे विचारून दाखवायची मैत्रिणींनी लावलेली पैज धनश्रीनं जिंकली खरी, पण मांडीवर पेटी घेतलेला म्हातारा हसला नाही. बोलला तो शेजारी बसलेला त्याचा मुलगा.

"स्पीकर हाय पोरी. बाबाच्या वायरलेसमधले जुने काचेचे व्हॉल्व्ह काढून ब्लूटूथ बसवलं मी. मस्त गाणे वाजते आता."

"अन् व्हॉल्व्ह कुठी हायेत, लखन?"

"भंगारात. नुसते तापत होते, बाबा."

"तापल्याशिवाय बोलत नाहीत ते. सहा वर्सं हुडकले मी."

"तुमच्यासाठीच केलं ना!"

"मले इचारलं व्हतं?"

"सरप्राइज होतं. अन् एवढ्यासाठी पुसदले कायले जाता? शिवरामकाकाले फोन करा."

"दर रविवारी तो तिकडं त्याच्या मशीनवर माही हाक आयकाले बसते. हाक बंद झाली, हे त्याले तोंडानं सांगतो. मी बोलाची मशीन केलती, तू आयकाची करून ठेवली."

"नवीन घेऊन देतो."

"तू काही देऊ नको आता."

पुसदची बस लागली. पेटी मुलाच्या मांडीवर ठेवून म्हातारा एकटाच चढला.

घरी पोचल्यावर धनश्रीनं दप्तरही न काढता आईबाबांना सांगून टाकलं, "मी वायरलेसवर बोलाचं लायसन काढणार हाय. अन् माही मशीन मले इचारल्याबिगर कोणी सुधरवाची नाही."