दालचिनीच्या रोलचं विधेयक

विधानसभेच्या प्रेक्षक-सज्जात दारावरचा रखवालदार ऑर्व्हिल डोळे मिटून बसला होता, पण कान मात्र टक्क जागे होते. पुढच्या बाकावर शाळांना जेवण पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस, लॉरेन बेकस्ट्रॉम, शेजारच्या म्हातारीला धीर देत होता.

“आजी, रडू नका. हा घ्या रुमाल. मतांच्या फलकावरचे सगळे दिवे लाल झालेत ती थट्टा आहे. नव्या आमदाराचं पहिलं विधेयक आधी पाडायचं, मग हसत हसत मंजूर करायचं, ही इथली रीत आहे.”

“रडत नाही हो, सर्दी झालीय. ही नवी आमदार, जनेल, माझी लेक. वीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलंय तिनं.”

“तरीच. खिमा-राजम्याची चिली असेल त्या दिवशी पोरांना दालचिनीचा रोल मिळालाच पाहिजे. झकास विधेयक.”

“बाकीच्या आमदारांनी तिला रोलमध्ये लोणी किती घालतेस, एवढंच विचारलं.”

“पहिलं विधेयक वाचतंय कोण? बघा, झाले दिवे हिरवे. एकही लाल नाही.”

“तुम्ही तरी वाचलंत का?”

“रोलबद्दल काय वाचायचं?”

“जनेलही हेच म्हणाली. कुणी वाचणार नाही, म्हणून चौथं पान तिनं जरा मन लावून लिहिलं.”

“चौथ्या पानावर काय आहे?”

“शाळेच्या जेवणाचं कंत्राट उघड निविदेशिवाय कुणालाच द्यायचं नाही. तशी दिलेली चालू आहेत तीही रद्द.”

ऑर्व्हिलनं एक डोळा उघडला.

“हा घ्या तुमचा रुमाल. थोडा ओला झालाय.”