करवंटीचा कोळसा

"सूनबाई बोलत नाही, पण माहेरून मंजन झकास आणलंय," बेसिनपाशी सासरे सासूबाईंना हळूच सांगत होते. मी स्वयंपाकघरात गोंधळले. मी कुठे मंजन आणलंय?

"करवंटीच्या कोळशाचं वाटतंय हो, आपल्या रत्नागिरीसारखं," सासूबाई म्हणाल्या. "इथे मीरा रोडला कुठे मिळतंय असलं!"

करवंटी ऐकलं आणि माझा कोळसा आठवला. कपॅसिटरच्या इलेक्ट्रोडसाठी तो कोळसा मी महिनाभर खपून केला होता. त्यात वीज किती साठते, ते आज कॉलेजात सरांना दाखवायचं होतं. न्यायला विसरू नये म्हणून मीच त्याची डबी बेसिनवरच्या आरशाखाली ठेवलेली.

धावत गेले. डबी रिकामी, दोघांची तोंडं काळीकुट्ट.

"काय गं, तुला हवं होतं का?" सासऱ्यांनी तोंडात बोट ठेवूनच विचारलं.

"बाबा, थुंकू नका," मी म्हणाले. "सरांना दाखवायला आता तेवढंच उरलंय."