मारुतीरायाचे निळे पाय

सांगा मंडळी, जो दिवसभर देतच राहतो, त्याच्याकडे परत काही आलंच नाही, तर तो देणार कुठून? करा विचार. पुढच्या रांगेतले काका डोळे मिटून विचार करतायत — चालेल.

टाकळवाडीत विसाजी टेकवडे म्हणून एक गृहस्थ. पिठाची गिरणी चालवायचे, देहही गिरणीएवढाच. दर गणपतीत जिवंत देखाव्यात मारुती व्हायचे. हातावर पुठ्ठ्याचा द्रोणागिरी, पुढ्यात बेशुद्ध लक्ष्मण. लक्ष्मण कोण? पोस्टमन मुकुंदा. त्याला झोपायचं काम आवडायचं.

त्या वर्षी मारुतीची लाल चड्डी मांड्यांत रुतायला लागली. वीस वर्षांपूर्वीचं माप! बायको यमुनाबाई म्हणाल्या, "अहो, दुसरी शिवते ना."

"मारुतीची मांडी कधी जाड होते का?" असं म्हणून विसाजींनी श्वास रोखला आणि तीच चढवली.

पडदा उघडला. अर्धा तास विसाजी पुतळ्यासारखे उभे. हळूहळू पाय सुजले, निळे-जांभळे झाले. एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, देव पायात उतरला." झालं — लोक पायांवर डोकं ठेवायला लागले. विसाजींच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. पण एवढा मान मिळतोय, तर हलतील कशाला?

शेवटी डोंगरासकट कोसळले, ते थेट लक्ष्मणावर. लक्ष्मण ओरडत उठला आणि शाळेच्या पटांगणापर्यंत पळाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संजीवनी इतकी झटपट लागू पडलेली कुणी पाहिली नव्हती.

यमुनाबाई तेवढ्या रडत धावल्या. गर्दीतून डॉक्टर मुजावरबाई वर चढल्या, कात्रीनं चड्डीचं इलॅस्टिक कापलं आणि विसाजींचे पाय उचलून द्रोणागिरीवर ठेवले. दोन मिनिटांत डोळे उघडले.

"माझं हृदय बंद पडलं का हो?"

"हृदय ठणठणीत आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते बिचारं पायांकडे रक्त पाठवत होतं. ते परत आणणाऱ्या शिरा तुम्ही आवळल्या, रक्त पायातच साचलं. हृदयात भरायलाच काही नाही, तर ते डोक्याकडे काय पाठवणार?"

विसाजींनी यमुनाबाईंचा हात धरला. "शिव बाई," म्हणाले, "चांगली ऐसपैस शिव."

दुसऱ्या दिवशी मारुती गुडघ्यापर्यंत झुलत्या चड्डीत उभा राहिला, मधूनमधून पायाची बोटं हलवत. लक्ष्मण मात्र चार हात लांब झोपला.

हसलात ना? आता आपल्या घरात बघा. पहाटेपासून सगळ्यांना देत फिरणारं एक माणूस तिथेही आहे. त्याच्याकडे परत काय जातं? उद्याचा चहा तुम्ही करा, त्या माणसाच्या हातात द्या. आणि साखरेचा डबा कुठे आहे, हे विचारायला त्याला झोपेतून उठवू नका.