टाकीतलं जुनं तेल

नाही मॅडम, ते 'टर्बाइन'च लिहिलंय — बाटलीवरचं अक्षर माझंच, शुद्धलेखनाकडे बघू नका, शाळा माझी आठवीतच सुटली आणि बोलणंही असं साधंच आहे, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. आमच्या वीज केंद्रात गॅसवर चालणारं टर्बाइन आहे, त्याचं जुनं तेल आहे हे. आत काय काय साचलंय ते तुमच्या प्रयोगशाळेत तपासून कागदावर द्या, म्हणजे झालं. — कंपनीचं पत्र? पत्र नाही. मी तिथे फिटर आहे, पण आलोय माझा मीच, सुट्टी काढून. दाजींसाठी आलोय — माझ्या बहिणीचे यजमान, तिथेच ऑपरेटर आहेत, म्हणजे सोमवारपर्यंत होते — बसू का मी जरा? तुमची जेवायची वेळ असेल तर जेवा तुम्ही, मी नुसता बोलतो.

त्याचं असं आहे — आमचं मशीन पूर्वी अखंड चालायचं. आता नाही चालवत. संध्याकाळी शहराला वीज कमी पडली की तेवढ्यापुरतं लावायचं आणि मग बंद. माणसाला वाटेल, बरंय, तेवढीच विश्रांती. पण तेलाचं उलटं असतं — गरम आहे तोवर सगळं पोटात ठेवतं, दिसायला सोन्यासारखं, आणि थंड झालं की पोटातली घाण बाहेर टाकतं. आणि ती बसते कुठे, तर वाल्वला. कारण आमच्याकडे बेअरिंगला जे तेल जातं तेच गॅसचा वाल्व हलवायला जातं, टाकी एकच. मग वाल्ववर तपकिरी पापुद्रा धरतो, कढईच्या काठाला तेल चिकटून बसतं ना, तुम्ही स्वयंपाक करता तेव्हा — नाही करत? बरं, तुमच्याकडे जो करतो त्याला विचारा. त्यात मध्येच तेलाची कंपनी बदलली. ड्रमवरचा आकडा तोच, बत्तीस, म्हणून जुन्यातच वरून भर घातली. दाजी म्हणाले होते, आकडा म्हणजे नुसता जाडपणा, आत काय मिसळलंय ते ज्याचं त्याचं वेगळं, दोन घरची भांडणं एका टाकीत लावू नका. इंजिनिअरसाहेबांनाही ते ठाऊक होतं, खोटं कशाला बोलू, त्यांनी दोनदा वर कळवलं की टाकी धुवा आणि सगळं तेल बदला. वरून उत्तर आलं, चालतंय ना, मग चालू द्या.

आणि चालत होतंच की, सोमवार संध्याकाळपर्यंत. सोमवारी दाजींनी बटण दाबलं आणि वाल्व हललाच नाही. थांबून पुन्हा दाबलं. नाही. अर्धं शहर अंधारात, माणसं लिफ्टमध्ये अडकलेली, फोनवर फोन — वरचे साहेब तासाभरात दारात हजर. त्यांना कुणालातरी धरायचं होतं, आणि तेलाला कोण घरी बसवणार? म्हणाले, ऑपरेटरने तेल गरम न करताच मशीन लावलं, म्हणून वाल्व अडकला. आता दाजी कसे आहेत सांगू का — आंघोळीच्या पाण्यातसुद्धा तीनदा बोट बुडवून बघतात, ताई म्हणते, अहो, पाणी आहे, टर्बाइन नाही. तो माणूस थंड तेलावर मशीन लावेल? घरी बसवलंय त्यांना. शनिवारी चौकशी. नोकरी गेली की क्वार्टर गेलं — ताई, तिची चिमणी, मीही तिथेच असतो पुढच्या खोलीत. परवा ताईने त्यांना हळूच विचारलं, "अहो, गरम केलं होतं ना तेल?" एवढंच. ते तिच्याकडे बघत राहिले, म्हणाले, "तूसुद्धा?" आणि भिंतीकडे तोंड करून पडले. तेव्हापासून बोलत नाहीत. तीही बोलत नाही. चिमणी मला विचारते, मामा, कोण कुणाशी कट्टी आहे?

काय झालं? वास — येणारच की, जुनं तेल आहे. काळं? हो, जरा जास्तच काळं झालंय. — डिझेलच्या इंजिनाचा वास? मला नाही — येतो. येतो, मॅडम. तुमच्यापुढे काय लपणार. हे टाकीतलं नाही. म्हणजे आहे, त्यात आहेच, पण — मंगळवारी सकाळी मला वाल्व खोलायला बसवलं आणि तिकडे टाकी रिकामी करून टाकली, चौकशीला बाहेरची माणसं येणार म्हणून सगळं नीटनेटकं हवं. जुनं तेल नेणारा ट्रक येऊन गेलासुद्धा. मला कळलं तसा मी सायकल मारत त्या ट्रकवाल्याच्या आवारात गेलो. म्हटलं, काका, आमचं तेल कुठलं? तो हसायलाच लागला. म्हणाला, "बाळा, भाजीत टाकलेलं मीठ वेचायला आलास होय?" एकच मोठा हौद, त्यात ट्रकचं, बसचं, गॅरेजचं, सगळं ओतलेलं. मी विचारलं, कुठल्या बाजूने ओतलं, आणि त्या कोपऱ्यातून ही बाटली भरली. वाटलं, थोडं तरी आमचं येईल. — नाही का निघत वेगळं? कुठल्याच यंत्राने नाही? बरं. नाही, तुमचं बरोबर आहे, तुम्ही तरी काय करणार. फक्त मी घरून निघताना सांगून आलो होतो — पुरावा मिळाला म्हणून. ताईने आज बोलवल्यावर दाजी उठून जेवायला पाटावर बसले. दोन पोळ्या खाल्ल्या त्यांनी.

वाल्व? तो का नाही तसाच ठेवला? तेच मीही स्वतःला विचारतो. पापुद्रा होता ना त्याच्यावर, चांगला दाट, नखाने निघत नव्हता. तसाच उचलून नेऊन चौकशीच्या टेबलावर ठेवायचा, बास. पण वाल्व हातात आला की मला दुसरं सुचत नाही, मॅडम. दाजींनीच शिकवलंय — वाल्व असा पुसायचा की त्यात बघून दाढी करता आली पाहिजे. तसाच पुसला. दुपारपर्यंत पुसत होतो. पुसायला घेतलेले चिंध्यांचे बोळे त्याच ट्रकमध्ये गेले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे काल — ते तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. काल सकाळी नव्या तेलाचे ड्रम आले. चांगलं तेल, दाजींनी सुचवलं होतं तेच. मी एकेक ड्रमचं तोंड पुसून उघडलं, तेल गाळून टाकीत सोडलं, वाल्व बसवला, नळ्यांतली हवा काढली, तेल गरम केलं, हात लावून पुन्हा बघितलं — सगळं दाजी करतात तसं, कसूर ठेवायची म्हटलं तरी ठेवता आली नसती. मग दुसऱ्या ऑपरेटरने बटण दाबलं आणि मशीन पहिल्या झटक्यात लागलं. वरच्या साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना म्हणाले, बघा, मशीनला काही झालेलंच नव्हतं.